शिरेतून सोडलेल्या पेशींना हाडाची वाट कशी सापडते?

सई_सातारा (धागा काढणारी)
सोमवार, रात्री ११:४०

काल दुपारी माझ्या धाकट्या भावाला माझ्या मूळपेशी (स्टेम सेल) दिल्या. त्याला एएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग आहे, वय २६. मुंबईत उपचार चालू आहेत. त्याआधी पाच दिवस मला पोटावर जी-सीएसएफची (मूळपेशी हाडातून रक्तात आणणारं औषध) इंजेक्शनं दिली, मग मशीनवर पाच तास बसले. एका हातातून रक्त जायचं, पेशी गाळल्या जायच्या आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत यायचं. शेवटी एक पिशवी भरली, टोमॅटोच्या साराच्या रंगाची.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन थिएटर असेल, हाडाला भोक पाडून आत काहीतरी भरतील, असं मी आणि आईने गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात सिस्टरने ती पिशवी सलाईनसारखी टांगली आणि छातीतल्या सेंट्रल लाइनला जोडली. पाऊण तासात झालं. भाऊ मोबाइलवर क्रिकेट बघत होता. डॉक्टर म्हणाले, "आता पेशी आपापल्या जागी जातील. आपण वाट बघायची."

आपापल्या जागी म्हणजे कशा? सोडल्या तर शिरेत, आणि जायचंय हाडाच्या आत. मेंदूत किंवा किडनीत जाऊन का नाही बसत? डॉक्टरांना विचारलं असतं, पण राउंडला त्यांच्यामागे बारा पेशंट उभे असतात. इथे कोणाला माहीत असेल तर साध्या मराठीत सांगा. रात्री झोप येत नाही आणि डोक्यात हेच फिरतंय.

अबोली
सोमवार, रात्री ११:५२

सई, तुझ्या भावाला खूप खूप शुभेच्छा. मला शास्त्र कळत नाही, पण धागा वाचत राहीन. तू जेवलीस का?

मुग्धा_के
मंगळवार, सकाळी ७:१५

मी रक्तविज्ञानाच्या लॅबमध्ये १४ वर्षं काम करते. जमेल तसं सांगते.

लाइनमधून सोडलेली पेशी आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जाते, तिथून फुफ्फुसात, मग डाव्या बाजूला आणि तिथून अंगभर. बऱ्याच पेशी फुफ्फुसात, यकृतात, प्लीहेत (स्प्लीन) अडकतात. सगळ्या काही हाडापर्यंत पोचत नाहीत, म्हणून तर किलोच्या हिशेबाने मोजून देतात. साधारण दर किलोला २० लाख सीडी-३४ पेशी हा किमान आकडा आणि ५० लाख मिळाल्या तर उत्तम. भावाचं वजन ६२ किलो धरलं तर ३१ कोटी होतात. (सीडी-३४ हे पेशीवरच्या एका खुणेचं नाव आहे. ती खूण असलेली प्रत्येक पेशी खरी मूळपेशी नसते, खऱ्या त्यात थोड्याच.)

आता हाडाच्या आतल्या रक्तवाहिन्या बघ. त्यांना सायनुसॉइड म्हणतात. रुंद, पातळ भिंतीच्या, आणि रक्त तिथे संथ वाहतं. त्यांच्या भिंतीवर ई-सिलेक्टिन नावाचे चिकट रेणू कायम असतात. बाकी शरीरात हे रेणू सूज किंवा जंतुसंसर्ग झाला तरच भिंतीवर येतात. त्यामुळे वाहत आलेली मूळपेशी इथे भिंतीला घासत गडगडायला लागते, वेग कमी होतो. त्याच भिंतीवर सीएक्ससीएल-१२ नावाचं प्रथिन असतं, मज्जेतल्या (मज्जा म्हणजे बोन मॅरो) आधारपेशी ते सतत बनवतात. मूळपेशीवर त्याला पकडणारा ग्राहक (रिसेप्टर) असतो, सीएक्ससीआर-४. दोघांची गाठ पडली की पेशीवरचे व्हीएलए-४ नावाचे हुक घट्ट होतात, भिंतीवरच्या व्हीकॅम-१ ला पकडतात आणि पेशी थांबते. मग दोन भिंतपेशींच्या मधून अंग चोरून आत मज्जेत शिरते.

मेंदूतल्या किंवा किडनीतल्या वाहिनीत हा सगळा संच एकत्र नसतो, म्हणून पेशी तिथे टिकत नाही. वाहत पुढे जाते.

हे काम तासांचं आहे. म्हणजे तू हा धागा लिहीत होतीस तोवर ज्या पोचायच्या त्यातल्या बऱ्याच पोचल्याही असतील. घरी पोचणं वेगळं आणि संसार थाटणं वेगळं. दुसऱ्याला वेळ लागतो. डॉक्टर म्हणतात ती वाट त्याची बघायची.

पाटीलकाका
मंगळवार, सकाळी ९:०२

सई बाळा, काळजी करू नको. आमच्या कबुतरांसारखं आहे बघ हे. कागलला सोडली तरी संध्याकाळी कोल्हापुरात आमच्या माडीवरच उतरतात. पेशींनाही आपलं घर कळतं.

एक शंका आहे मुग्धाताईंना. आपण मटणाची नळी ओढतो ती हीच मज्जा ना? त्यात तर पिवळी चरबीच असते. रक्त तिथं कुठं तयार होतंय?

मुग्धा_के
मंगळवार, दुपारी १:२०

काका, शंका बरोबर आहे. जन्मतः सगळ्याच हाडांत लाल मज्जा असते. वय वाढतं तशी हातापायाच्या लांब हाडांतली मज्जा पिवळी, चरबीची होत जाते. मोठ्या माणसात रक्त बनवणारी लाल मज्जा मुख्यतः कंबरेचं हाड, मणके, छातीचं हाड, बरगड्या यांत उरते. म्हणूनच तपासणीसाठी सुई कंबरेच्या हाडात घालतात. नळी कोवळ्या बकऱ्याची असली तर आत लालसर भागही दिसतो.

अनिकेत_ढ
मंगळवार, दुपारी ३:४५

काकांचा मान राखून एक सांगतो. "पेशींना घर कळतं" हे म्हणायला छान आहे, पण त्याने घोटाळा होतो. कबुतर लांबून दिशा ओळखून उडतं. पेशी दिशा ओळखून पोहत नाही, ती रक्ताबरोबर जाईल तिथे जाते. मज्जेतून जाताना अडकली तर अडकली, नाहीतर पुढची फेरी. लहानपणी शर्टाला कुसळं चिकटायची तसं आहे हे. कुसळाला शर्ट माहीत नसतो.

याने धीर सुटायचं कारण नाही, उलट मला तरी यात दिलासा वाटतो. भावाच्या पेशी वाट चुकतील का, ही भीतीच नको. त्यांना वाट शोधायचीच नाहीये.

पाटीलकाका
मंगळवार, दुपारी ४:१०

पटलं. पण भिंत ओलांडून आत शिरल्यावर तर दिशा लागत असेल की? तिथं कोण वाहून नेतंय?

अनिकेत_ढ
मंगळवार, दुपारी ४:३१

हो काका, तिथे तुमचं बरोबर आहे. आत गेल्यावर पेशी स्वतः सरपटते आणि सीएक्ससीएल-१२ जिकडे जास्त तिकडे सरकते. अर्धं कबूतर मान्य. :)

टोरांटोकर
मंगळवार, रात्री १०:५५

धागा वाचून राहवलं नाही, कारण ही गोष्ट मी राहतो त्या गावात घडलेली आहे.

पेशी शिरेतून दिल्या तरी मज्जेत पोचतात, हे आधी उंदरांत दिसलं. दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्साराने माणसं का मरतात याचा शोध चालू होता. १९४९ मध्ये जेकबसन यांना दिसलं की उंदराची प्लीहा शिशाने झाकून बाकी अंगावर किरण सोडले तर तो जगतो. १९५१ मध्ये लॉरेन्झ यांनी किरण दिलेल्या उंदरांना मज्जा टोचून जगवलं. मग वाद लागला. त्या मज्जेत काही रस आहे म्हणून उंदीर जगतो, की तिच्यातल्या पेशी स्वतः जाऊन वसतात? १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये फोर्ड आणि सहकाऱ्यांनी ओळखता येईल अशा गुणसूत्राची खूण असलेल्या पेशी दिल्या आणि जगलेल्या उंदराच्या मज्जेत तीच खूण सापडली. म्हणजे पेशीच वसल्या होत्या.

टोरांटोत टिल आणि मॅककुलक ही जोडी होती, एक भौतिकशास्त्रज्ञ आणि एक डॉक्टर. किरण दिलेल्या उंदरांना मज्जा टोचल्यावर दहाएक दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर गाठी उठलेल्या त्यांना दिसल्या. गाठी मोजल्या तर जितकी मज्जा जास्त तितक्या गाठी जास्त. १९६१ मध्ये त्यांनी हे छापलं आणि पुढे दाखवलं की एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते. रक्ताची मूळपेशी आहे याचा पहिला भक्कम पुरावा तो.

म्हणजे सई, पेशी दुसरीकडे कुठेच बसत नाहीत असंही नाही. उंदराच्या प्लीहेत त्या काही काळ चांगल्या वाढतात.

माणसातलं काम अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी नेटाने पुढे नेलं, १९९० चं नोबेल त्यासाठी मिळालं. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांचे बहुतेक रुग्ण दगावले. अनेकांनी नाद सोडून दिला, त्यांनी सोडला नाही.

वैनतेय
बुधवार, सकाळी ८:३०

टोरांटोकर, यात आपल्याकडचं एक नाव जोडतो. भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये झालं, डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्याने ते व्हीलचेअरवरून काम करतात. आज आपण "बीएमटी" हा शब्द सहज बोलतो, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत.

नंदू_बाबा
बुधवार, रात्री ९:४०

मी बाप म्हणून लिहितो. माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर. सहा वर्षं दर तीन आठवड्यांनी रक्त चढवलं. मोठ्या बहिणीचं एचएलए (दात्याशी जुळणी बघायच्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलं आणि ट्रान्सप्लांट झालं. तिच्या कंबरेच्या हाडातून भूल देऊन मज्जा काढली होती, कारण ती तेव्हा १० वर्षांची होती आणि आमच्या डॉक्टरांना मुलांमध्ये मज्जाच बरी वाटते.

सई, तुला पुढचे दिवस सांगून ठेवतो, म्हणजे दचकणार नाहीस. काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा, खाली खाली जाऊन फळ्यावर नुसतं "०" लिहायला लागतात. तोंड सोलतं, थुंकी गिळवत नाही. ताप येतोच, त्याला घाबरू नको, तो आला की अँटिबायोटिक लगेच सुरू करतात. खोलीतली हवा गाळलेली, जेवण उकळलेलं, दही नाही, कच्ची कोशिंबीर नाही, फुलं नाहीत. माझी बायको २८ दिवस त्या खोलीत होती, मी काचेतून बघायचो.

आमचा काउंट १९व्या दिवसापर्यंत हलला नव्हता. शेजारच्या खोलीतल्या मुलाचा १४व्या दिवशी वर आला आणि त्यांनी पेढे आणले. पेढा हातात घेतला, पण खाववेना. २०व्या दिवशी फळ्यावर १०० दिसलं. मी सिस्टरला तीनदा विचारलं, पुसायचं राहिलेलं नाही ना.

दुसऱ्याच्या दिवसांशी आपले दिवस मोजू नको. एवढंच सांगायचं होतं.

रातराणी
बुधवार, रात्री १०:१५

नंदूदादा, वाचून डोळे भरून आले. मुलगा कसा आहे आता?

एक विचारायचं आहे. माझी डिलिव्हरी तीन महिन्यांवर आहे आणि एका कंपनीचा माणूस रोज फोन करतो, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवा, पुढे हेच लागेल. ७० हजार म्हणतोय. घ्यावं का?

नंदू_बाबा
बुधवार, रात्री १०:२८

सातवीत आहे. कालच सायकलवरून पडून ढोपर फोडून आलाय. प्लेटलेट छान आहेत, लगेच खपली धरली. :)

मुग्धा_के
गुरुवार, सकाळी ७:०५

रातराणी, स्पष्ट सांगते, माझ्या मते नको. नाळेच्या रक्तात मूळपेशी असतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी. तुझ्या बाळाला रक्ताचा कर्करोग किंवा थॅलेसेमिया झालाच तर त्याचा दोष त्या साठवलेल्या पेशींतही असण्याची शक्यता असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. घरात आधीच एखादं मूल अशा आजाराचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांशी बोलावं.

शिवाय एका नाळेत पेशी थोड्या. त्यामुळे मोठ्या माणसात त्या रुजायला जास्त दिवस लागतात, तीन-चार आठवडेही. वाटेत वाया जाऊ नयेत म्हणून थेट हाडात टोचण्याचा प्रयोगही इटलीत झालेला आहे.

मत्स्यगंधा
गुरुवार, रात्री ११:५०

मी परदेशात झेब्राफिशवर काम करते. सईच्या प्रश्नाचा जो भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो तो अजून इथे आला नाही.

झेब्राफिश म्हणजे बोटाच्या पेराएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा. मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत सापडतो. त्याचं पिल्लू पारदर्शक असतं, त्यामुळे जिवंत पिल्लाच्या आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकातून सरळ दिसतं. हाडाच्या आत डोकावता येत नाही, ही या विषयातली मोठी अडचण होती, ती या माशाने सोडवली. त्याचं रक्त हाडात बनत नाही. पिल्लात काही दिवस शेपटीजवळ बनतं आणि मोठ्या माशात मूत्रपिंडाच्या मज्जेत.

२०१५ मध्ये बोस्टनच्या झॉन यांच्या प्रयोगशाळेत टॅम्पलिन आणि सहकाऱ्यांनी चमकणारी मूळपेशी येताना पाहिली. ती वाहिनीच्या भिंतीला चिकटली, भिंत ओलांडून बाहेर आली आणि तिच्याभोवतीच्या भिंतपेशी हलल्या. त्यांनी आपला आकार बदलून तिच्याभोवती एक खोबण केली. ते चित्रीकरण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लॅबमध्ये एकटीच होते, आणि तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. संशोधकांनी त्याला जो शब्द वापरला त्याचं मराठी मी तरी "कुशीत घेणं" असंच करीन. त्या कुशीत एक आधारपेशी मूळपेशीला धरून असते आणि पेशी विभागली की पिल्लं कोणत्या बाजूला जाणार यावरही त्या धरण्याचा परिणाम होतो. उंदराच्या गर्भाच्या यकृतातही भिंतपेशींचा असा वेढा दिसला.

पुढे टॅम्पलिन विस्कॉन्सिनला गेले आणि त्यांच्या गटाने माशाच्या मूत्रपिंडातल्या एकेका मूळपेशीचा ठिकाणा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोधला. शेजारी कोण? रक्तवाहिनीच्या भिंतपेशी, एक आधारपेशी, आणि चेतासंस्थेशी नातं असलेली एक पेशी.

म्हणून अनिकेत, तुमचं कुसळ मला अर्धंच पटतं. कुसळ चिकटलं म्हणून शर्ट काही हलत नाही. इथे पाहुणा आला की घर हलतं.

अनिकेत_ढ
शुक्रवार, सकाळी ६:४०

हे मला माहीत नव्हतं. कुसळ मागे घेतो. मनापासून आभार.

सई_सातारा
रविवार, पहाटे ४:२०

तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी आईला वाचून दाखवते. "कुशीत घेणं" ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

आज सातवा दिवस. काउंट शून्य. ताप १०२, तोंड पूर्ण सोललंय, मॉर्फिन चालू आहे. नंदूदादा, तुम्ही सांगितलंत म्हणून दचकले नाही. म्हणजे दचकले, पण कमी.

एक कळत नाही. पेशी मज्जेत गेल्या, त्यांना जागा मिळाली. मग आधी एवढं कडक औषध देऊन सगळं उजाड करायची काय गरज होती? त्याचे हे हाल त्या औषधाने आहेत, माझ्या पेशींनी नाहीत.

मुग्धा_के
रविवार, सकाळी ८:५०

सई, त्या औषधाला तिहेरी काम असतं. उरलेला कर्करोग मारणं हे पहिलं. भावाची प्रतिकारशक्ती झोपवणं हे दुसरं, नाहीतर ती तुझ्या पेशींना परकं समजून हाकलेल. तिसरं, जागा रिकामी करणं.

या जागेला निश म्हणतात. मूळपेशी तिच्या ठरावीक कोनाड्यात असते तोवरच मूळपेशी राहते, ही कल्पना इंग्लंडमधल्या रेमंड स्कोफील्ड यांनी १९७८ मध्ये मांडली. कोनाडे मोजके असतात आणि बहुतेक भरलेले. उंदरात औषध न देताही पेशी रुजवता येतात, पण त्यासाठी फार जास्त पेशी ओताव्या लागतात.

वाईट एवढंच की ते औषध कोनाड्यांनाही इजा करतं. सायनुसॉइडच्या भिंती मोडतात. तुझ्या पेशी पडझड झालेल्या घरात उतरल्या आहेत आणि घर सावरणं, संसार मांडणं दोन्ही एकदम चालू आहे. म्हणून दिवस लागतात.

बबन_इस्लामपूर
रविवार, सकाळी ११:१०

काउंटसाठी पपईच्या पानाचा रस आणि पाया सूप द्या. आमच्या पाहुण्यांच्या प्लेटलेट डेंग्यूत दोन दिवसांत वाढल्या.

नंदू_बाबा
रविवार, सकाळी ११:१८

बबनराव, तुमच्या मनात माया आहे हे कळतं, पण हात जोडून सांगतो, हे सुचवू नका. सोललेल्या आतड्यात बाहेरचा कच्चा रस म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. आणि मज्जा खाल्ली की पोटात पचते, हाडात जाऊन बसत नाही. डेंग्यूत प्लेटलेट आपसूकही वाढतात.

बबन_इस्लामपूर
रविवार, दुपारी १२:०५

बरं झालं सांगितलंत. मला ठाऊक नव्हतं.

चारुता_प
सोमवार, दुपारी २:३०

माझं नाव डोनर रजिस्ट्रीत आहे, गालातून कापसाच्या बोळ्याने नमुना दिला होता. एक भीती आहे. त्या इंजेक्शनने माझ्याही मूळपेशी घर सोडून रक्तात येणार. मग माझं घर रिकामं नाही का होणार?

मत्स्यगंधा
सोमवार, रात्री ११:३०

नाही होत. थोड्याच बाहेर येतात आणि उरलेल्या वाढून जागा भरतात. शिवाय रोज थोड्या मूळपेशी आपणहून रक्तात फेरफटका मारून येतातच, उंदरात तर त्याला दिवसाच्या वेळाही असतात.

गंमत अशी की बाहेर काढायची किल्ली आणि आत न्यायची किल्ली एकच आहे. जी-सीएसएफने मज्जेतलं सीएक्ससीएल-१२ कमी होतं आणि पकड सुटते. दुसरं औषध प्लेरिक्साफोर, ते थेट सीएक्ससीआर-४ अडवतं. ते मुळात एचआयव्हीसाठी बनवत होते, कारण तो विषाणूही याच कडीतून पेशीत शिरतो. चाचणीत निरोगी माणसांच्या पांढऱ्या पेशी रक्तात वाढलेल्या दिसल्या आणि मग त्याचा हा उपयोग उमगला. २००८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

सई_सातारा
सोमवार, रात्री ११:४८

चारुता, माझी पाठ आणि कंबर चौथ्या दिवशी भयंकर दुखली, पॅरासिटामॉलने भागलं. दोन दिवसांत गेलं. तू रजिस्ट्रीतून नाव काढू नकोस.

सई_सातारा
सोमवार, सायंकाळी ६:१०

पंधरावा दिवस. एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट) ५२०.

काल १८० होता, परवा ४०. तीन दिवस सलग ५०० च्या वर राहिला की "रुजलं" म्हणतात, म्हणजे अजून दोन दिवस. ताप उतरलाय. आई देवापुढून उठायलाच तयार नाही.

पाटीलकाका
सोमवार, सायंकाळी ६:१२

शाब्बास पोरी!!

नंदू_बाबा
सोमवार, सायंकाळी ६:३०

सई, पेढे मी खाल्ले समज. या वेळी खाववले.

रातराणी
सोमवार, सायंकाळी ७:१५

आता त्याच्या अंगात तुझं रक्त. भाऊबीजेला कोण कोणाला ओवाळणार? :) रक्तगटही तुझाच येणार का?

मुग्धा_के
सोमवार, रात्री ८:४०

गट वेगळे असतील तर हो, काही आठवड्यां-महिन्यांत सईचा गट येईल. त्याच्या रक्तातल्या पेशी तपासल्या तर एक्सएक्स गुणसूत्रं दिसतील, म्हणजे बहिणीच्या. गालाच्या आणि त्वचेच्या पेशी त्याच्याच राहतील. या तपासणीला कायमेरिझम म्हणतात, साधारण ३०व्या दिवशी पहिली करतात. सई, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर तेव्हा कागदावर मिळेल, किती टक्के वसल्या ते.

सई_सातारा
सोमवार, रात्री ९:०५

मग त्या नक्की कुठल्या हाडात असतील? माझ्या कंबरेच्या हाडातल्या त्याच्याही कंबरेच्याच हाडात गेल्या असतील का?

मत्स्यगंधा
सोमवार, रात्री ११:१५

तसं काही ठरलेलं नसतं. तुझ्या मणक्यातली त्याच्या बरगडीत असेल, बरगडीतली त्याच्या छातीच्या हाडात. जिथे लाल मज्जा आणि मोकळा कोनाडा, तिथे. आणि एकदा बसल्यावरही एखादी उठून रक्तातून दुसऱ्या हाडात जाते.

सई_सातारा
सोमवार, रात्री ११:३२

वाचलं. उद्या आईला सांगते. त्याचा गट ओ पॉझिटिव्ह, माझा बी, त्यामुळे रक्त ओचं आणि प्लेटलेट बीच्या देतायत. प्लेटलेट अजून ९ हजारच आहेत. उद्या सकाळी एसडीपीला (एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट) बी पॉझिटिव्ह डोनर हवा आहे. मुंबईत कोणी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अनिकेत_ढ
सोमवार, रात्री ११:३४

मी बी पॉझिटिव्ह, ठाण्यात. व्यनि केलाय. किती वाजता येऊ?